फाट्यावर थांबलेल्या गाडीकडे कागद घेऊन धावणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सरपंच, सदस्य, सोसायटीचे संचालक, बचत गटाच्या ताई आणि साहेबांची गाडी दिसली की खिशातला कागद चाचपणारे समस्त गावकरी,
मुक्काम पोस्ट विदर्भ.

विषय : नेत्याची अवचित भेट, तिची आठवण आणि तिच्यात दिलेल्या कागदाबाबत.

रामराम.

फाट्यावरच्या टपरीसमोर ताफा थांबतो. साहेबांना चहा घ्यायचा असतो, नाहीतर एखादी गाडी पंक्चर झालेली असते, नाहीतर रेल्वेचं फाटक लागलेलं असतं. पाच मिनिटांत अर्धं गाव गोळा होतं. कोणी हार आणतं, कोणी फोटो काढतं, कोणी वहीचा कागद फाडून त्यावर 'शेतात जायचा पांदण रस्ता करून द्यावा ही विनंती' असं लिहून गर्दीतून हात पुढे करतं. साहेब कागद घेतात, मान हलवतात, गाडी निघून जाते. फोटो फ्रेम होऊन ओसरीत लागतो. दोन वर्षांनी कोणी विचारलं की तारीख कोणती होती, कागद कोणाच्या हाती दिला, त्यात काय लिहिलं होतं, तर एकाही प्रश्नाला उत्तर नसतं. साहेबांनी चहात साखर कमी सांगितली होती हे मात्र सगळ्यांना आठवतं.

तहसील कचेरीच्या आवारात टेबल टाकून अर्ज-निवेदनं लिहून देणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. फाट्यावरचा कागद वाया का जातो आणि जाऊ नये म्हणून काय करायचं, एवढंच सांगायचं आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. मंत्र्याचा दौरा ठरला की दौरा कार्यक्रम नावाचा कागद आदल्या दिवशीच जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि विश्रामगृह सांभाळणाऱ्या बांधकाम खात्याकडे पोचतो. किती वाजता आगमन, किती वाजता 'मोटारीने प्रयाण', कोणती वेळ 'राखीव', सगळं त्यात असतं. जिथे थांबणं ठरलेलं असतं तिथे तहसीलदार, गटविकास अधिकारी डायरी घेऊन उभे असतात. साहेब काही बोलले की ते टिपून घेतात, आणि पुढच्या बैठकीत त्याचा हिशेब द्यावा लागेल ही धास्ती त्यांना असते. टपरीवरचा चहा त्या कागदात नसतो. तिथे एकही अधिकारी हजर नसतो. साहेब जे बोलतात ते फक्त तुम्ही, पीए आणि अंगरक्षक ऐकतात. म्हणून ठरलेल्या सभेत टाकलेला शब्द कुठेतरी नोंदला जातो आणि टपरीवर टाकलेला शब्द चहाच्या कपासोबत विसळला जातो. यात साहेबांची नियत खोटी असेलच असं नाही. दिवसभरात असे वीस-पंचवीस थांबे झालेला माणूस रात्री कोणाचं काय आठवणार?

आठवणीचं म्हणाल तर आपलीही काही भरवशाची नाही. साहेब म्हणाले 'पाहतो'. संध्याकाळी पारावर त्याचं 'करून देतो म्हनले' होतं. पोळ्यापर्यंत 'मंजूर झालं' होतं. आणि दिवाळीनंतर, 'मंजूर झालेलं काम कोणी खाल्लं' यावरून ग्रामपंचायतीत भांडण लागतं. साहेबांच्या तोंडून येऊ शकणाऱ्या चार शब्दांचे चार वेगळे अर्थ आहेत. 'पाहतो' म्हणजे ऐकलं. 'सांगतो' म्हणजे कोणाला तरी फोन होऊ शकतो. 'पत्र देतो' म्हणजे कागद निघेल, आणि तो निघाला का हे तपासता येतं. 'मंजूर' हा शब्द टपरीवर कोणालाच उच्चारता येत नाही, कारण मंजुरी म्हणजे प्रशासकीय मान्यतेचा आदेश. त्यावर क्रमांक, तारीख आणि रक्कम असते. नेमका कोणता शब्द आला ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

गावाच्या आठवणीत मोठमोठ्या भेटीही कशा सरमिसळ होतात, पाहा. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात थकीत पीककर्जावरचं व्याज माफ झालं. मुद्दल माफ झालं नाही, त्याचे हप्ते पाडून दिले. मुद्दलासकट माफी आली ती २००८ च्या केंद्राच्या योजनेत, तीही दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना. त्याहून जास्त जमीन असलेल्यांनी ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट, असा हिशेब होता. आपल्याकडे कोरडवाहू सहा-सात एकर वावर असलेला माणूस काही धनवान नसतो, पण कागदावर तो दोन हेक्टरच्या पलीकडे जातो, म्हणून पुष्कळ जण पूर्ण माफीतून वगळले गेले. आज पारावर विचारा. 'पंतप्रधान आले न् कर्ज माफ झालं' असं एका दमात सांगतील. दोन वर्षांचं अंतर आणि दोन हेक्टरची अट, दोन्ही गळून पडलेले. ही भेट निदान पेपरात छापून आलेली होती, म्हणून पडताळता तरी येते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दाभडीची २० मार्च २०१४ ची नरेंद्र मोदींची 'चाय पे चर्चा' तशीच, तारखेसकट सापडते. तुमच्या फाट्यावरच्या चहाची तारीख मात्र तुम्हीच लिहिली नाही तर जगात कुठेच नाही.

आता कागदाकडे येऊ. वहीतून फाडलेल्या कागदावरचा मजकूर साधारण असा असतो : 'आमच्या गावातील पांदण रस्ता, नळयोजना, घरकुल, लोडशेडिंग व नुकसानभरपाई या समस्या सोडवाव्यात.' पाच विषय, पाच खाती. असा कागद मंत्रालयात गेला की कोणत्या टेबलावर टाकायचा हाच पहिला प्रश्न. तो बहुतेक वेळा 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' जिल्ह्याला परत येतो आणि जिल्ह्यातही तसाच या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. एका कागदावर एकच विषय. पाच तक्रारी असतील तर पाच कागद, पण साहेबांच्या हातात द्यायचा तो एकच, सगळ्यात निकडीचा.

पांदणीचंच उदाहरण घेऊ, कारण आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत तिचाच नंबर पहिला असतो. निवेदनात असं लिहा :

'मौजे अमुक, ता. तमुक येथील गट नं. ४२ ते गट नं. ६७ ही पांदण गाव नकाशावर आहे. लांबी अंदाजे १.४ किमी. पहिले ९०० मीटर काळी माती, पावसाळ्यात बंडीचं चाक आसापर्यंत रुततं. गट नं. ५५ जवळ नाला आहे, तिथे रपटा किंवा पाइपची मोरी लागेल. या पांदणीवर ३८ खातेदार अवलंबून आहेत, यादी सोबत. गट नं. ६१ जवळ दोन्ही धुऱ्यांकडून (बांधांकडून) अतिक्रमण आहे. दि. अमुक रोजी तहसील कार्यालयात अर्ज दिला, आवक क्र. अमुक. मोजणी झालेली नाही. विनंती एकच : मोजणीची तारीख द्यावी.'

शेवटचं वाक्य नीट वाचा. 'रस्ता करून द्यावा' असं त्यात नाही. अडलेलं काम जिथे अडलं आहे नेमका तोच दगड दाखवा. साहेबांना किंवा त्यांच्या पीएला एका फोनवर उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणीची तारीख काढता येते. १.४ किलोमीटरचा रस्ता एका फोनवर होत नसतो. खातेदारांचा आकडा आणि मीटर खरे लिहा. तपासणीला आलेल्या माणसाला ३८ च्या जागी १९ सापडले की मग आधीचं खरंही खोटं ठरतं.

सोबत काय जोडायचं? सातबारा किंवा गटांची यादी, गाव नकाशाची प्रत, ग्रामसभेचा ठराव आणि आधीच्या अर्जाची पोच. सगळ्याच्या झेरॉक्स. मूळ कागद कधी, कोणालाही, कितीही मोठा माणूस असला तरी द्यायचा नाही. ठरावाच्या बाबतीत एक घोळ हमखास होतो. सभा तहकूब झालेली असते आणि ठराव लिहिलेला असतो. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यातला जो आकडा कमी असेल तो. हजेरीपटावर तेवढ्या सह्या नसतील तर विरोधातला एक माणूस त्या ठरावाला केव्हाही सुरुंग लावू शकतो.

कागद ए-फोर, डावीकडे किमान दोन इंच समास मोकळा. ही जागा शोभेसाठी नाही, साहेबांच्या शेऱ्यासाठी आहे. समास गच्च भरलेला असला की शेरा मागच्या बाजूला जातो आणि झेरॉक्स काढताना मागची बाजू हटकून राहते. बॉलपेनने लिहा. जेलपेनची शाई श्रावणाच्या एका सरीत कशी पसरते ते पाहिलेल्याला हे पटेल. खाली पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल आणि सही. 'समस्त गावकरी' अशी सही केली तर उत्तर कोणाला पाठवायचं? दोन-तीन जणांचे नंबर द्या.

रस्त्याचं निवेदन चुकीच्या दारात जाण्याचंही प्रमाण मोठं आहे. ग्रामीण रस्ता आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. उलटं लिहिलं की दोन महिन्यांनी 'सदर रस्ता या विभागाच्या अखत्यारीत नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि उत्तर दिलं म्हणून फाइल बंद. गावातल्या अंतर्गत रस्त्यासाठी, सभामंडपासाठी 'पंचवीस-पंधरा'तून पैसे मागतात. ते ग्रामविकास खात्याचं २५१५ हे लेखाशीर्ष, म्हणजे पैसा ज्याखाली खर्ची पडतो तो क्रमांक, आहे, हे ध्यानात असू द्या. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी आणि खासदाराचाही पाच कोटी, पण आमदाराचा एका मतदारसंघात वाटला जातो आणि खासदाराचा सहा विधानसभा मतदारसंघांत. दोघंही काम सुचवतात, मान्यता जिल्हा प्रशासन देतं. म्हणजे भेटलेला माणूस आमदार, खासदार, पालकमंत्री की दुसऱ्याच खात्याचा मंत्री, त्यावर मागणं बदलायला हवं. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात, त्यांच्याकडे जिल्ह्याच्या आराखड्यातलं काम मागा. दुसऱ्या खात्याच्या मंत्र्याकडे फक्त पत्र मागा.

डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, जळाली असेल तर निवेदन लिहीत बसू नका. ग्रामीण भागात रोहित्र बदलायला ४८ तासांची मुदत ठरलेली आहे. डीपीचा क्रमांक, फीडरचं नाव आणि कोणा एकाचा बारा आकडी ग्राहक क्रमांक चिठ्ठीवर लिहून पीएच्या हातात द्या. हे काम फोनचं आहे आणि टपरीवर उभ्या उभ्या होऊ शकतं.

पीक नुकसानीचं वेगळं. मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं आणि ते पंचनाम्यात लिहिलेलं असावं लागतं. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक करतात. यांची पदनामं आता बदलली आहेत, पण गावात अजून तीच नावं चालतात. पंचनाम्यात तुमचा गट नंबर राहिला असेल तर साहेबांपुढे 'भरपाई द्या' म्हणू नका, 'गट नं. अमुकचा पंचनामा राहिला' असं म्हणा. रोही (नीलगाय) किंवा रानडुकरांनी वावर खाल्लं असेल तर तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे किंवा वन कार्यालयात अर्ज द्यायचा असतो. साहेब पंधरा दिवसांनी भेटले आणि तेव्हा पहिला कागद लिहिला, तर त्यांनाही काही करता येत नाही.

काही गोष्टी साहेबांच्या हातात मुळातच नसतात. कोणी वहिवाटीचा रस्ता अडवला तर तो मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खालचा दावा आहे आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारापुढे लावावा लागतो. धुऱ्यावरून नवा रस्ता हवा असेल तर महसूल संहितेचं कलम १४३. दोन्हीत तहसीलदार न्यायाधीशासारखा बसतो, दोन्ही बाजू ऐकतो, स्थळपाहणी करतो. तिथे साहेबांच्या शेऱ्याला वजन नाही. उलट त्या शेऱ्यावरून निकाल लागला असं दिसलं तर अपिलात समोरचा तेच दाखवून निकाल उडवतो. 'साहेबांनी सांगितलंय' या भरवशावर सहा महिने घालवणारे लोक आमच्या टेबलापाशी सातव्या महिन्यात येतात. तेव्हा काय लिहून द्यावं, सांगा.

कागद देण्याची पद्धत. हार, शाल, नारळ आणि निवेदन एकाच हाताने एकाच वेळी देऊ नका. साहेब हार काढून मागे देतात, मागचा माणूस हार-शालीचा गठ्ठा डिक्कीत टाकतो आणि त्या झेंडूच्या फुलांत तुमची पांदण मुरून जाते. अंगरक्षकाच्या हातातही कागद देऊ नका. त्याचं काम वेगळं, त्याच्या खिशाला कोणी दोष देऊ नये. पीए कोण ते ओळखा. बहुधा मागच्या गाडीतून उतरलेला, दोन फोन आणि बगलेत फाइल असलेला माणूस. साहेबांना प्रत द्या, बोलायला तीस सेकंद आहेत असं समजा : गाव, विषय, कुठे अडलं. मग दुसरी प्रत पीएला द्या आणि त्यांचं नाव, कार्यालयाचा नंबर विचारून घ्या. साहेबांनी समासात काही लिहिलं तर त्या पानाचा मोबाइलवर लगेच फोटो काढा. आमच्या मते साहेबांसोबतच्या फोटोपेक्षा हा फोटो दहापट मोलाचा.

शेरा वाचता आला पाहिजे. 'नियमानुसार कार्यवाही करावी' म्हणजे नियमात बसत असेल तर करा. शेऱ्याशिवायही ते तसंच व्हायला हवं होतं. 'तपासून अहवाल सादर करावा' हा त्याहून बरा, कारण उत्तर परत वर जावं लागतं. 'चर्चा करावी' म्हणजे अधिकाऱ्याने येऊन बोलावं. तारीख घातलेला शेरा सगळ्यात चांगला. आणि नुसती सही म्हणजे वाचलं, किंवा वाचलंही नाही.

त्याच संध्याकाळी वहीत टिपा : तारीख, वेळ, ठिकाण, कोण कोण हजर होते, कोणता शब्द आला, कागद कोणी घेतला. पाच ओळी पुरतात. पुढच्याच कामाच्या दिवशी तेच निवेदन संबंधित कार्यालयात आवक-जावककडे द्या आणि वर लिहा : 'दि. अमुक रोजी अमुक फाटा येथे मा. अमुक यांना समक्ष दिलेल्या निवेदनाची प्रत.' आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का कपाटात आहे, साहेब जेवायला गेले, उद्या या, हे सगळं होईल. थांबा.

हा खटाटोप का, तर कागदाचा रस्ता पाहा. साहेबांच्या कार्यालयातून निवेदन जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून उपविभागीय अधिकारी, तिथून तहसीलदार, तिथून 'अहवाल सादर करावा' म्हणून तलाठ्याकडे. म्हणजे जिथे अडलं होतं तिथेच ते वरून फिरून येतं. तुमच्याकडे पोच असेल तर मधल्या कोणत्या टेबलावर ते बसलं आहे हे विचारता येतं. शासकीय कर्तव्यातील विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या कायद्यानुसार एका कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दीड-दोन महिने उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार लावा : दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. 'निवेदन आवक क्र. अमुकवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी' एवढंच मागा. 'का केलं नाही' असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. तरीही हाललं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो.

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरला मंत्र्यांचा मुक्काम असतो त्या रविभवनाच्या फाटकाशी ताटकळून भेट मिळवणारेही आहेत. मिळाली तर उत्तम. पण त्याच फेरीत हैदराबाद हाउसला, म्हणजे मुख्यमंत्री सचिवालयात, निवेदन देऊन पोच घ्या. एसटीचं भाडं तेवढ्याने वसूल होतं.

जाता जाता दोन ओळी पीए मंडळींसाठी. दादा, गाडीत एक साधी वही आणि तारखेचा शिक्का ठेवा. घेतलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक माणसाच्या प्रतीवर टाकून सही करा. एका कागदाला वीस सेकंद लागतात. साहेब चहा पीत असतात तोवर दहा कागद होतात.

आणि गावकऱ्यांनो, गाडी कधी थांबेल ते सांगून थांबत नाही. म्हणून निवेदनाच्या चार प्रती आजच तयार करा : साहेबांना, पीएला, कार्यालयाला आणि पोचेसाठी. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला. फोल्डर ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवू नका, कुलपाची किल्ली ऐनवेळी तालुक्याला गेलेली असते. टपरीवाल्याकडे ठेवा. तारखेची जागा मोकळी सोडा, ती त्या दिवशी पेनने भरा. आवक क्रमांक आणि खातेदारांची यादी दर सहा महिन्यांनी ताजी करा, कारण वारस लागतात, वावरं विकली जातात, आणि मेलेल्या माणसाची सही असलेला अर्ज आम्ही एकदा नाही, पुष्कळदा परत आलेला पाहिला आहे.

आपले,
तहसील कचेरीच्या आवारात अर्ज लिहून देणारे